तीस कपांतली मेथी

तुमी चहा पाजून वदवून घेताय म्हणून सांगतो, न्हाईतर ह्यात सांगण्यासारखं काय न्हाई.

आमची सूनबाई रहिमतपूरच्या शाळंत बाई हाय. पोरांनी कागदी कपांत मेथी पेरली होती, सोमवारी त्यावर मार्क. उन्हाळा लागला आन् शाळेच्या नळाचं पाणी गेलं, तवा तिनं तीस कप आमच्या परसात आणले. रविवारी पेपर तपासायला साताऱ्याला निघताना म्हणाली, "आबा, एकबी वाळला तर पोर रडंल."

माझा जीव काय थाऱ्यावर न्हवता. ऊन सरकंल तसं मी कप सरकवत होतो. दुपारी जरा डोळा लागला. उठून जेवायला बसलो.

"लय कवळी भाजी हाय गं."

"परसातलीच हाय," माझी बायको शांता म्हणाली. "तुमी सकाळधरनं पाणी घालताय, मला वाटलं भाजीलाच लावलीय."

मी ताटावरनं उठून परसात पळालो. तीसच्या तीस कप रिकामे.

संध्याकाळी सूनबाई रिकामे कप बघून बायकोला इचारायला लागली. बायको म्हणती कशी, "मला काय इचारतीस? ह्यांनीच खाल्ली."

सूनबाईनं वर्गात खरं सांगून टाकलं आन् समद्यांना मार्क दिले. आता पोरं मला रस्त्यात अडवून इचारत्यात, "आबा, माझी मेथी कशी लागली?" त्यांना मी उत्तर देतो. पण जिनं माझी माफी मागायला पायजे, ती अजून गप हाय. आमची शांता.