दुबईला पाठवलेली आरती

हसणार नसाल तर सांगतो. माझा प्रकाश दुबईला लागला, त्या वर्षी त्याने पत्र पाठवलं, "घरच्या गणपतीची आरती कॅसेटवर भरून पाठवा, मला इथे करमत नाही." माझा मित्र इब्राहिम गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुबईलाच निघणार होता. तो रोह्याहून आपला रेकॉर्डर, माइक आणि हेडफोन घेऊन पेणला आला.

"नाना, पिना मी लावतो," तो म्हणाला.

"दोनच तर भोकं हायत. मी लावतो."

माइक देवासमोर ठेवला, हेडफोन डोक्याला चढवला. आरती सुरू झाली, पण कानात काहीच येईना.

इब्राहिम म्हणाला, "नाना, आरतीला आवाजाचा काटा हालत नाय. तू बोललास की हालतो."

"यंत्राला मालक कळतो."

"अरे, यंत्र माझं हाय!"

महिन्याने पत्र आलं. पिना उलट लागल्या होत्या आणि माझ्या कानावरच्या हेडफोननेच माइकचं काम केलं होतं. प्रकाशने लिहिलं होतं, "बाबा, आरती लांब कुठेतरी ऐकू येते. बाकी तुम्हीच आहात: 'टाळ हळू वाजव गाढवा.' 'गो शेवंते, नैवेद्य झाक, मांजर आलं.'"

माघी गणपतीला मी मुकाट्याने शेजारच्या मास्तरांकडून पिना लावून घेतल्या. आरती स्वच्छ भरली आणि पाठवली.

प्रकाशने ती कॅसेट परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती, "खोलीत आम्ही आठ जण आहोत. हिच्यात तुम्ही कोणावरच ओरडत नाही, त्यामुळे कोणालाच करमेना."