चकती काढलेल्या डब्या

कुंभकोणम् येथील पोलीस ठाणे, जिल्हा तंजावर, मद्रास राज्य. शुक्रवार, ता. १७ ऑगस्ट १९५६. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे.

माझे नाव तुकोजीराव, वडिलांचे नाव मुकुंदराव, वय ४९ वर्षे, धंदा पितळी डब्या व झाकणे बनविण्याचा, राहणार मेलकावेरी, कुंभकोणम्. घरची भाषा मराठी. बाहेर तमिळ बोलतो, परंतु आज डोके ठिकाणावर नाही आणि तमिळमध्ये सांगू लागलो की शब्द अडखळतात. हेड कॉन्स्टेबल एकोजी आमच्याच भाषेचे असल्यामुळे जबाब मराठीत लिहून घेत आहेत, तमिळ प्रत मागाहून होईल. त्यांच्यापुढे बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने सांगतो ते असे.

पहिली गोष्ट ही लिहावी की मेलकावेरीत नदीकडच्या गल्लीत हिरव्या दाराचे घर आहे. त्या घरात अंबुजा नावाची तीन वर्षांची मुलगी आहे. तिने आज सकाळी आठच्या सुमारास लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. तिला ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यायला हवे. हे मी त्या घरी सांगितले, गल्लीत ओरडून सांगितले, ठाण्याच्या दारात शिपायाला सांगितले आणि आता चौथ्यांदा सांगत आहे.

यावर एकोजी म्हणाले, "तुकोजीराव, अवघें लिहितों. पण क्रमानें सांगा. आधीं नांव, वय, मग तुमच्यावरची कागाळी."

येथे हेड कॉन्स्टेबलला एट्टय्या म्हणतात, तसे मी म्हणालो, "एट्टय्या, माझें नांव तुम्हांस ठाऊक नाहीं काय? माझ्या लग्नांत तुम्हीं वाढायला होतां. आधीं शिपाई पाठवा, मग पाहिजे तें लिहा."

ते म्हणाले, "पोर बरी आहे म्हणून तिची आजीच सांगते. खेळते आहे म्हणे. उगे बसा."

पोर बरी नाही. बरी दिसते. या दोहोंत काय फरक असतो तो मी याच आठवड्यात पाहिला आहे. म्हणून क्रमाने सांगतो, पण लेखणी जरा लवकर चालवावी ही विनंती.

माझ्यावर दोन तक्रारी आहेत. एक, मोठ्या रस्त्यावरील औषधांचे दुकानदार कृष्णमूर्ति यांच्या दुकानात शिरून माल फोडला व त्यांना मारले. दुसरी, हिरव्या दाराच्या घरातून मूल उचलून नेण्याचा प्रयत्न केला. दोन्ही खऱ्या आहेत. मी नाकारत नाही, त्यामुळे साक्षीदार शोधत बसू नये.

आता डबीबद्दल. दोन वर्षांपूर्वी बाळंतिणींच्या केंद्रातील नर्स गोमतीअम्मा माझ्या दुकानी आल्या. गरोदर बायकांना रक्त वाढावे म्हणून लोहाच्या गोळ्या देतात. त्यांना वरून साखरेचे लाल पूट असते. त्या कागदाच्या पुडीत बांधून मिळत. घरातील मुले त्यांना मिठाई समजतात. त्या वर्षी एक मूल त्या खाऊन गेले होते. गोमतीअम्मांनी विचारले, आईला उघडेल आणि पोराला उघडणार नाही अशी डबी करता येईल का? मी हसलो. पंचवीस वर्षे लोक सहज उघडणारे झाकण मागायला येतात, न उघडणारे मागणाऱ्या तुम्ही पहिल्या, असे म्हणालो. त्या हसल्या नाहीत. मग मलाच लाज वाटली.

ती डबी करायला मला आठ महिने लागले. डबीच्या गळ्याला वाकड्या खाचा आणि झाकणाला आतून दोन कान. झाकणाच्या पोटात एक जाड चकती. चकती झाकणाला सतत वर रेटते, त्यामुळे कान खाचेत अडकून राहतात. तळव्याने झाकण खाली दाबायचे आणि दाबलेले असतानाच फिरवायचे, तरच उघडते. लहान मूल दाबते किंवा फिरवते, दोन्ही एकदम करणे त्याला सुचत नाही. सगळी करामत त्या चकतीत आहे. चकती नसेल तर झाकण बोटाने फिरते. हे वाक्य ठळक लिहावे.

चकती आधी बुचाची केली, ती महिन्यात वाळून भुगा झाली. मग रबराची केली, उन्हाळ्यात ती चिकटली आणि गोळ्यांना वास येऊ लागला. शेवटी म्हशीच्या चामड्याची केली. ती टिकली. गोळ्यांना चामडे लागू नये म्हणून तिच्यावर पितळेचा पातळ पत्रा बसवला. खरे सांगायचे तर चामडे दिसू नये म्हणूनही बसवला. आत काय आहे ते मी, गोमतीअम्मा आणि कृष्णमूर्ति या तिघांनाच ठाऊक होते. या गावात सोवळ्यात औषध घेणारी घरे किती आहेत हे मला माहीत नव्हते असे नाही. माहीत होते म्हणूनच लपवले. ही माझी चूक आहे आणि ती माझ्या नावावर लिहावी.

डबी आम्ही नीट पारखली होती. केंद्राच्या ओसरीवर चार वर्षांखालील अकरा मुले बसवली आणि प्रत्येकापुढे गुळाचा खडा घातलेली डबी ठेवली. अर्धा तास. मुलांनी आपटली, चावली, एकाने माझ्याच पायावर फेकून मारली. एकही उघडली नाही. आयांना एकदा दाखवल्यावर सगळ्यांनी उघडली. त्या दिवशी मी घरी जाऊन दोनदा जेवलो, इतका आनंद झाला होता.

त्यानंतर कृष्णमूर्तींनी गोळ्या माझ्या डबीत भरून विकायला सुरुवात केली. केंद्रातून बायकांना त्यांच्याकडेच पाठवत. ते प्रत्येकीला सांगत, "पोराच्या हाती दिली तरी भीती नाही." वर्षभर ते बोलणे खरे होते. माझी तक्रार त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

(या ठिकाणी जबाब देणारा उठून उभा राहिला व शिपाई का पाठवीत नाही असे मोठ्याने विचारू लागला. त्यास पाणी देऊन बसविले. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी एक शिपाई सायकलीवरून मेलकावेरीस पाठविला.)

पुढे सांगतो. आषाढात एका सोवळ्याच्या घरातील वृद्ध बाईंनी डबी चकचकीत व्हावी म्हणून झाकण चिंचेने घासले. पत्रा निघाला आणि चामडे दिसले. सुनेने त्या डबीतील गोळ्या तीन महिने सोवळ्यात घेतल्या होत्या. बाई दुकानात जाऊन कृष्णमूर्तींना नाही नाही ते बोलल्या. त्यांचा राग मी समजू शकतो. त्यांनी तो माझ्यावर काढायला हवा होता. मी हात जोडून उभा राहिलो असतो आणि दुसरी काही चकती शोधली असती.

कृष्णमूर्तींनी मला कळवले नाही, हे सारे मला कालच चौकशी करून कळले. त्यांनी दोन दिवस गल्ल्यावर बसून चिमट्याने एकेका झाकणातील चकती उपटली. दुकानातील शिल्लक डब्यांच्याच नव्हे, तर बायका जुन्या डब्या भरून घ्यायला येत त्यांच्याही. दारावर पाटी लावली की आमच्या डब्यांत आता चामडे नाही. झाकण आता कोणालाही उघडेल, हे पाटीवर नव्हते. तोंडाने सांगितले नाही. उलट जुनेच वाक्य चालू ठेवले, पोराच्या हाती दिली तरी भीती नाही.

एकोजींनी विचारले की पूर्वी पुड्याच होत्या, तर मग चकती काढल्याने असे काय मोठे बिघडले. हा प्रश्न कृष्णमूर्तींनीही मला विचारला आणि त्याच वेळी माझा हात उठला. पुडी होती तेव्हा बायका गोळ्या वरच्या फळीवर, तांदळाच्या मडक्यामागे लपवत. डबी आल्यावर त्या निर्धास्त झाल्या. डबी उशाशी ठेवू लागल्या, चुलीजवळ ठेवू लागल्या. पोर रडले तर खुळखुळा म्हणून हातात देऊ लागल्या. मीच त्यांना तसे सांगितले होते. कुलूप काढून घ्यायचे आणि कुलूप आहे असे सांगत राहायचे, यापेक्षा पुडी शंभर पटीने बरी होती.

विजयलक्ष्मी ही माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहते. तिची मुलगी भवानी दोन वर्षांची होती. मंगळवारी सकाळी विजयलक्ष्मीने डबी तिच्या हातात खेळायला दिली आणि ती विहिरीवर गेली. परत आली तेव्हा डबी रिकामी आणि पोरीचे ओठ लाल. थोड्या वेळाने पोरीने रक्ताची उलटी केली. एका खासगी डॉक्टरांनी औषध दिले. संध्याकाळी पोर शांत झाली. बुधवारी सकाळी उठून बसली, तिने दोसा मागितला आणि अर्धा खाल्ला. सगळ्यांनी देवाला हात जोडले. मीही गेलो होतो, तेव्हा पोर माझ्या मिशा ओढून हसली. बुधवारी दुपारनंतर ती अचानक गार पडत गेली. गुरुवारी सकाळी दहा वाजता गेली.

गोमतीअम्मांनी मला सांगितले की या गोळ्यांचे असेच असते. आधी उलट्या, मग काही तास मूल बरे दिसते, आतून मात्र जळत असते. तेवढ्या तासांत इस्पितळात सलाईन लावून नजरेखाली ठेवले तर काही आशा असते. हे त्यांनी मला काल सांगितले. मी कोणाला कधी सांगणार होतो?

काल स्मशानातून आल्यावर मी विजयलक्ष्मीकडून डबी मागून घेतली. बोट लावताच झाकण फिरले. आत चकतीच्या जागी, ती चिकटवायला मी लावलेल्या चिकाचा नुसता डाग होता. विजयलक्ष्मी मला म्हणाली, "मामा, तुम्हीं सांगिटलें म्हणून दिलें." तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

आज सकाळी नऊ वाजता मी कृष्णमूर्तींच्या दुकानी गेलो. त्यांना म्हटले, डब्या परत मागवा, आत्ता. ते म्हणाले, झाला तो अपघात, दुकानाची बदनामी करू नका, शिवाय चामडे तुम्ही घातले होते. मग वरचा प्रश्न विचारला. मी त्यांना थोबाडीत मारली. फळीवरील डब्या रस्त्यावर फेकल्या आणि पायाखाली चेपल्या. त्याचा मला पश्चात्ताप नाही. कृष्णमूर्तींच्या डोक्याला मागे लागले ते मात्र दाराच्या कडीने, ते स्वतःच मागे सरले तेव्हा.

तेथून मी केंद्रात गेलो. गोमतीअम्मांकडे गरोदर बायकांची यादी होती. तिरुभुवनम् बाजूची घरे त्यांनी घेतली, मेलकावेरीची मी. तीन घरांतून डब्या आणल्या, त्या तुमच्या टेबलावर आहेत. चौथे घर हिरव्या दाराचे. दारात अलमेलूअम्मा, म्हणजे अंबुजाची आजी, बसल्या होत्या. मी डबी मागितली तशी त्या हसून म्हणाल्या, "तुमची डबी पोरीनेच उघडली हो सकाळी! पाच-सहा गोळ्या खाल्ल्या, दोनदा ओकली, आता पाहा कशी नाचते आहे." पोर अंगणात खरोखर नाचत होती. मी सांगायचा प्रयत्न केला, पण आवाज चढला आणि त्या घाबरल्या. मग मी पोरीला उचलली आणि पळत सुटलो. गल्लीच्या तोंडाशी लोकांनी धरले. पोर माझ्या हातातून काढून घेतली आणि मला येथे आणले. या सगळ्यात दीड तास गेला.

मला धरणाऱ्यांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही धरले असते.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी मेलकावेरीस गेलेला शिपाई परत आला. त्याने एकोजींना जे सांगितले ते मी ऐकले. घराला कुलूप आहे. शेजारणीने सांगितले की पोर वाचली म्हणून आजी आणि आई आज शुक्रवारीच तिला देवीच्या पायावर घालायला तीनच्या बसने नाचियार्कोविलला घेऊन गेल्या. जाताना पोर आईच्या खांद्यावर झोपली होती. हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हती. दमली असेल, असे शेजारीण म्हणाली.

एकोजी आता उभे राहिले आहेत. "तुकोजीराव, नेमाप्रमाणें एकदां वाचून दाखवतों, मग जाऊं," असे म्हणाले आणि वाचू लागले. मी ऐकत नाही. लिहिले असेल ते सर्व बरोबर आहे, काही चुकले असेल तेही मला मान्य आहे. खाली सही केली आहे. पुढची बस तीन चाळीसला सुटते.

(सही) तुकोजीराव मुकुंदराव

माझ्यासमक्ष. वाचन अर्धे झाले असता जबाब देणाऱ्यासोबत बसस्थानकाकडे रवाना झालो.
(सही) एकोजी, हेड कॉन्स्टेबल