हात वर करणारा रेफरी

मी रेफरी असून शिट्टी काऊन नाई वाजवत, म्हणून हासता ना तुमी? मंग आयका.

पोंभुर्ण्याकडल्या एका शाळेत पोरींची फुटबॉलची म्याच होती. सकाळची वेळ, मैदानाले लागूनच जंगल. मास्तरनं टाळी वाजवून म्याच सुरू केली. मंग एका पोरीच्या हाताले बॉल लागला, तशी मी जोरात पयली शिट्टी मारली. झालं! पोरी, बाया, मास्तर, समदे शाळेकडं पळाले. मले समजेच ना. मास्तर पळता पळताच वरडले, "अहो सर, सांगाचं राहूनच गेलं! मागच्या सालापासून इथी शिट्टी म्हणजे वाघ आला!"

एकटी गोलकीपर तेवढी जंगलाकडं पळत होती. मी मागं धावलो, तिचा हात धरला आन् खेकसलो, "काऊन वं, मराचं हाय का तुले?"

"सोडा सर! माय मोहफुलं वेचाले गेली हाय तिकडं!"

"अवं, वाघ नाई आला. खेळाची शिट्टी होती थे."

पोरगी थांबली. जंगलाकडची नजर काई तिनं हालवली नाई.

"मागच्या साली मलेबी तसंच वाटलं होतं, सर. म्हणून मी खेळतच राह्यली. तवा बाबा गेला होता मोहफुलं वेचाले."