चंद्रीचा पिंजरा

शर्वाणी : नाही म्हणजे नाही, दादा! बिबट्याच्या पिंजऱ्यात पलंग, एसी, संडास? आबांच्या मळ्यावर रिसॉर्ट काढतोयस की काय?

(शर्वाणीचं दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं ऑफिस. भाऊ अल कुसैसहून न कळवता आलाय, आणि त्यानं टेबलावर पसरलेला, वडिलांच्या, आबांच्या गावाकडच्या मळ्यातल्या पिंजऱ्याचा नकाशा तिला बघवत नाहीये.)

संग्राम : आवाज खाली. बाहेर तुझा स्टाफ बसलाय.

शर्वाणी : बसू दे! मी इथे लोकांचे व्हिला काढते, आणि सख्खा भाऊ माझ्याकडे पिंजरा घेऊन येतो!

संग्राम : तू फक्त ड्रॉइंग दे. बांधायचं मी बघतो. कॉन्ट्रॅक्टर काय उगाच झालोय? यल्ला, चल, पेन्सिल घे.

शर्वाणी : त्या जनावरांनी आपलं अख्खं घर खाल्लं. माझी दहावी सुरू, आणि आबा तरसाच्या पिल्लांना बाटलीनं दूध पाजत बसलेले. आपल्याला मात्र कोरा चहा!

संग्राम : अनाथ पिल्लं होती ती, शरू. मेली असती.

शर्वाणी : आणि आई? ती आयसीयूत होती तेव्हा काय म्हणाले? "चंद्रीला ताप आहे, उद्या येतो." बिबट्याला ताप! थांबली का आई उद्यापर्यंत?

संग्राम : माझीही आईच होती ती.

शर्वाणी : मग लाज कशी वाटत नाही तुला? त्याच चंद्रीच्या पिंजऱ्यात गिऱ्हाइकं झोपवणार!

संग्राम : रिसॉर्ट काय, गिऱ्हाइकं काय, काय लावलंयस मघापासून? आबा झोपतात तिथे!

शर्वाणी : काय?

संग्राम : वनखात्यानं चंद्रीला नेलं त्या दिवसापासून. घरात पाऊल टाकत नाहीत. मी जाऊन पाया पडलो, नको नको ते बोललो. ढिम्म हलत नाहीत.

शर्वाणी : आणि मला कुणी सांगितलं नाही?

संग्राम : आबांचं नाव काढलं की फोन कोण आपटतं?

शर्वाणी : नाटकं आहेत सगळी! आईसाठी एक रात्र जमली नाही, आणि त्या बयेसाठी... इथे आण त्यांना. व्हिसाचं मी बघते.

संग्राम : विचारलं. म्हणाले, "शरू मला घरात घेईल होय?"

शर्वाणी : असं म्हणाले?

संग्राम : थंडी पडेल आता तिकडे. जाऊ दे, मला जमेल तसं बांधतो. खलास. तू नको हात लावूस.

शर्वाणी : थांब. दे तो कागद. या दाराला कडी बाहेरून का दाखवलीयस?

संग्राम : पिंजराच तो. रात्री कुत्री शिरतात, म्हणून गडी बाहेरून लावतो.

शर्वाणी : आबांना आत कोंडून?

संग्राम : तेच सांगतात त्याला, लाव म्हणून.

शर्वाणी : मूर्ख माणूस! फोन लाव त्या गड्याला. म्हणावं, कडी आतून बसव. आजच.