बाबांचा पट्टा

आमच्या म्हाताऱ्याचं ऐक. वडाळ्याच्या पेंटबॉल मैदानावर मी रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका सांभाळतो. एकीवरची गोळ्यांचा डबा बसवायची नळी तडकली. आट्यांची, म्हणजे फिरवून काढायची. घरी आणून जीव तोडून फिरवली, पण हलेना. पक्कड लावली तर आतच तुटणार आणि माझी नोकरी जाणार.

"कॉलेज सोडून हे दिवे लावतोयस!" ऑफिसची तयारी करता करता बाबा ओरडले.

मी खुंटीवरचा त्यांचा पट्टा घेतला, नळीभोवती आवळला आणि पिळला. सुटली! नवी तर हातानंच बसली.

"गाढवा, माझा पट्टा!" दोन्ही हातांनी पँट धरून बाबा.

"मला सुधारायला हाच फिरवायचात ना? आज पहिल्यांदा यानं काहीतरी दुरुस्त झालं."

कानफटात द्यायला त्यांनी हात उगारला आणि लगेच कमरेवर परत नेला. पँट घसरत होती.