कडंची झोळी

माझं माहेर सोनारीकडचं, आमी धनगर, बापाची मेंढरं व्हती, आन् मला दिली इकडं तामलवाडीच्या अंगाला, तवा म्या किती वर्साची व्हते ते काय सांगू तुमाला, आमच्यात कुणी लिवून ठिवतंय व्हय. नवरा लई गरीब सभावाचा, कुणाला उलटून बोलायचा न्हाय, तोंड माझंच वाईट पहिल्यापासनं.

बहात्तरचा दुष्काळ पडला, मेंढरं डोळ्यादेखत मेली, आन् त्यातच माझी चार म्हैन्याची लेक हगवणीनं गेली. पाचव्या दिवशी म्या कामावर गेले, तलावाचं काम निघालं व्हतं, माती वाहायची, न जाऊन सांगता कुणाला. पर टोपलं उचललं की वाटंतच सांडायचं, चोळी दुधानं वली व्हायची, बाया बघून तोंड फिरवायच्या. मुकादम म्हातारा माणूस, त्यो म्हणला बाई, तुझ्यानं माती वाहायची न्हाय, तू त्या बाभळीखाली बस आन् बायांची लेकरं राख. बाभळीला लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या, सहा का सात. पहिल्याच दिवशी एक लेकरू रडाय लागलं, थांबंचना, आन् म्या काय इचार केला न्हाय, घेतलं आन् लावलं अंगाला. काय सांगू ताई, ते चुटूचुटू प्यालं आन् लेक गेल्यापासनं मला पहिल्यांदा रडू आलं. तवापासनं सकाळी उठाया कारण गावलं. न्हायतर म्या बी त्याच साली गेले असते, हिरी कोरड्या पडलेल्या म्हणून जीव द्यायला जागा न्हवती एवढंच.

आता लोक म्हणत्यात सोनाबाईनं दुष्काळात लेकरं जगवली. शाळेत बोलवून नारळ दिला, म्या मान खाली घालून घेतला, लोकांला वाटलं म्हातारी लाजली.

आता पुढचं लिवा.

केराबाई म्हणून एक बाई व्हती, बौद्ध वस्तीतली. तवा आमी त्या वस्तीचं येगळंच नाव घ्यायचो, ते आता तोंडात आणत न्हाय. तिची सुजाता पाच म्हैन्याची. तिची झोळी सगळ्यांपासनं लांब, पार कडंच्या फांदीला. ती तिकडं कुणी बांधली? म्याच. मला कुणी सांगितलं न्हवतं, सासू जवळ न्हवती, मुकादमाचं ध्यान न्हवतं, माझ्या मनानंच बांधली. बाकीच्यात तीन तान्ही, ती म्या अंगावर पाजायची, आन् कडंची रडली की गुळाचं पाणी करून फडक्याच्या बोळ्यानं चोखवायची. झोका द्यायची, माशा वारायची, पर पदराखाली न्हाय घेतली. दूध न्हवतं आसं न्हाय ताई. दूध व्हतं. छाती ठणकायची म्हणून म्या ते भुईवर पिळून टाकलं, आन् ती तिकडं रडत व्हती.

केराबाईच्या पोटात कामावर मिळायच्या सुकडीबिगर काय नसायचं, तिला दूध उतरायचं ते चमचाभर. तरी दुपारी बांधावरनं पळत यायची, पोरीला लावायची, परत पळायची, मुकादमाची बोलणी खायची. एक दिवस भीत भीत म्हणली, सोनाबाई, सगळ्यास्नी पाजता, माझीला बी पाजलं का. म्या व्हय म्हणले. तिनं माझ्या पायाला हात लावला. आन् दुसऱ्या दिवसापासनं ती दुपारची यायचीच बंद झाली, सोनाबाई हाय म्हणून बिनघोर. चमचाभर मिळत व्हतं ते बी म्या तोडलं, एका व्हयनं.

पोरगी जगली ती तिच्या नशिबानं. अडीच वर्साची झाली तवा कुठं पाय टाकला.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली, तिच्या मागच्या खोलीत बालवाडी, आन् मला मदतनीस घेतलं, लेकरं राखायची सवय हाय म्हणून. केराबाईनं म्हैस घेतली व्हती. तिच्या म्हशीचं दूध आन् पाटलाच्या म्हशीचं दूध एकाच कॅनात पडायचं, कुणी नाक मुरडलं न्हाय. रोज सकाळी म्या ते बघायची आन् शरमेनं मेल्यावानी व्हायची. सुजाताला सगळ्यांच्या आधी वाढायची, लोक म्हणायचे दुधाची लेक हाय तिची. म्या तिच्या ताटात आजून एक पळी टाकायची. नवरा वारला, दिवस झाले की दुसऱ्या दिवशी लेकरांची खिचडी टाकाया गेले. बाया म्हणल्या धीराची हाय. धीर कसला आलाय, घरी बसलं की कडंची झोळी हलायची डोळ्यापुढं, म्हणून जायची. त्या कामानंच मला उभं ठिवलं, हे खरं, आन् का ठिवलं ते बी आता तुमाला कळलं.

सुजाताला मुरुमला दिली. केराबाई गेली दोन सालामागं, जाताना पोरीला सांगून गेली, सोनाबाई तुझी दूधआई हाय, तिला इसरू नकोस. पोरगी लगीन झाल्यापासनं दरसाल चोळीचा खण घिऊन येती. पेटीत एकावर एक ठिवलेत, एक बी शिवला न्हाय. सांगायला गेले की ती माय म्हणती आन् म्या चहा ठिवाया उठते. एरवी गावाला पुरून उरणारं तोंड माझं.

म्हणून तुमाला बोलावलं. लिवा, नावं बदलू नका. सुजाताला वाचता येतं, पहिली पाटी माझ्याच बालवाडीत धरली तिनं. वाचून न्हाय आली तर तिचं बरोबर हाय, जिथं आसंल तिथं सुखात राहू दे लेकरू. आन् एवढं वाचून बी आली, खण घिऊन, तर तेवढा एक म्या शिवून घालीन.