पंचफुलाचा दम

पंचफुला : अवो, तसं नाही, कुशीवर करा म्हनलं ना! पाय नुसते जळून राह्यले.

सिस्टर मोनाली : कुशीवरच करतोय, पंचफुलाताई. देवरावदादा, तिच्या गुडघ्यांमध्ये उशी द्या. हां. आता पाठीला.

पंचफुला : नाही जमत. सरळ करा पुन्हा.

देवराव : आत्ताच तर केलं! सिस्टर, परवा पाय गेले, आज हात उचलत नाही. तुमी इथं नुसतं उलटंपालटं करून राह्यले.

मोनाली : औषध चालू आहे, दादा. एका अंगावर पडून राहिली तर पाठीला जखमा होतील, म्हणून फिरवायचं.

देवराव : साधी हगवन लागली होती बायकोले. तिच्यानं पाय कायले जातीन?

मोनाली : क्वचित जातात. शरीर जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटतं.

देवराव : ते काही नाही. खाली बाबुलाल जीप घेऊन उभा हाय. मुकुटबनकडं एक जन नसा मोकळ्या करून देते. नेतो मी हिले.

पंचफुला : चला. मले नाही राह्यचं इथं. हे मशीन रातदिवस टूं टूं करते, डोक्यात घुसलं माह्या.

देवराव : ऐकलं? ती बी म्हनते.

मोनाली : आणि वाटेत हिचा श्वास अडकला तर?

देवराव : श्वासाचं काय मधातच? पाय गेले तिचे.

मोनाली : हा आजार पायातून वर चढतो, दादा. छातीपर्यंत. पंचफुलाताई, तुमची भाजीची गाडी आहे ना दारव्ह्याला? बाजारात हाक मारता तशी मारा बघू. एका दमात.

पंचफुला : इथं? लोकं हासतीन.

मोनाली : हसू द्या.

पंचफुला : वांगे घ्या, मेथी घ्या, हिरवा सांभार... घ्या... टमाटे...

देवराव : म्हन ना पुढं.

पंचफुला : दम... पुरत नाही.

देवराव : सिस्टर, इचा आवाज पार बसस्टँडपावतर जाते. सकाळीच मले झाडलं इनं, मधात श्वास बी घेतला नाही. आता काय झालं?

मोनाली : तेच बघत होते मी. पलंगाचं डोकं वर करा, त्या दांड्यानं. पाणी देऊ नका, ठसका लागेल. डॉक्टरांना बोलावते. आयसीयूत न्यावं लागेल, बहुतेक घशात नळी घालून मशीनवर श्वास द्यावा लागेल.

पंचफुला : नळी घातल्यावर... बोलता येते?

मोनाली : नाही, ताई. ती काढेपर्यंत नाही. ऐकू मात्र सगळं येईल.

पंचफुला : काय ऐकू? या मानसाले... माह्याशी... बोलताच... येत नाही.

देवराव : थांब, पंचे. बाबुलालले फोन लावतो. जाय म्हनतो घरी.

(काही दिवसांनी, आयसीयूत. पंचफुलाच्या घशात नळी. डोळ्यांखेरीज काही हलत नाही.)

मोनाली : या, दादा. आजार वर चढायचा थांबलाय. आता हळूहळू उतरेल.

देवराव : पाय?

मोनाली : महिने लागतील. पूर्ण येतीलच असं आज सांगत नाही. बोला तिच्याशी. ‘हो’ असेल तर ती एकदा डोळे मिटते, ‘नाही’ला दोनदा.

देवराव : पंचे... मी आलो. घरी बरं हाय.

मोनाली : अजून बोला. दिवसभर छताकडे बघत असते.

देवराव : काय बोलू? बकरी... आपली बकरी मले दूध काढाले हात लावू देत नव्हती. लाथा मारे. काल तुही हिरवी साडी घेतली डोक्यावरून अन् बसलो खाली. मंग राह्यली उभी गपगार. दूध काढलं. मान वर केली तं कुंपनावर शेजारची जमनी! पाहूनच राह्यली मले. म्हने, भाऊ, पदर तं नीट घ्या.

मोनाली : खरंच?

देवराव : खरंच! सिस्टर, पाहा ना, पानी काहून येऊन राह्यलं हिच्या डोळ्यातून? दुखते का?

मोनाली : तिलाच विचारा.

देवराव : दुखते का, पंचे? ...दोनदा मिटले. नाही म्हनते. मंग काय? हासून राह्यली? ...एकदा! हासून राह्यली ही!

मोनाली : मग पुसा ना. तिला हात उचलता येत नाही.

देवराव : पुसतो. तू हास.